‘घोस्टबस्टर्स: द व्हिडिओ गेम’ पहिल्यांदा खेळताय? मग हे वाचा

२०१९ची रीमास्टर्ड आवृत्ती घेतलीत ते बरं केलंत. मूळ २००९च्या गेममधलं मल्टिप्लेअर तिच्यात नाही, पण तुम्हाला कथाच खेळायची आहे ना? मग काही बिघडत नाही.

आधी भूत पकडणाऱ्या टोळीचे ‘घोस्टबस्टर्स’ हे दोन्ही जुने सिनेमे (१९८४ आणि १९८९) बघून घ्या. गेम १९९१च्या न्यूयॉर्कमध्ये घडतो, तुम्ही त्याच टीममधले नवखे भरती. संवादांवर सिनेमांचे लेखक-अभिनेते डॅन अ‍ॅक्रॉइड आणि हॅरॉल्ड रामिस यांचा हात फिरलाय आणि सिनेमातल्या मूळ चौघा घोस्टबस्टर्सनीच आवाज दिलेत, त्यामुळे निम्मी गंमत ऐकण्यात आहे. कटसीन (मधले कथेचे प्रसंग) स्किप केलेत तर पैसे पाण्यात.

आता मुख्य गोष्ट. ट्रिगर दाबून धरून बसू नका! प्रोटॉन पॅक, म्हणजे पाठीवरचं किरण सोडणारं यंत्र, तापतो आणि ऐन वेळी बंद पडतो. तापायच्या आधीच स्वतः व्हेंट करायची (उष्णता बाहेर सोडायची) बोटांना सवय लावा. भुताला आधी झोडपून दमवायचं, मग किरणात पकडून भिंतीवर, जमिनीवर आपटायचं आणि शेवटी ट्रॅपवर (भूत कोंडायच्या सापळ्यावर) ओढत न्यायचं. घाई केलीत की निसटलंच म्हणून समजा.

नवीन भूत दिसलं की गोळीबाराआधी पीकेई मीटरने (भुतं हुडकायच्या यंत्राने) स्कॅन करा. त्याची कमजोरी कळते, वर पैसेही मिळतात. ते अपग्रेडवर घाला. साथीदार पडला तर आधी त्याला उठवा, कारण तुम्ही पडल्यावर तोच धावून येणार.

आणि हो, टीमच्या अड्ड्यावर, फायरहाऊसमध्ये, दुसऱ्या सिनेमातला खलनायक विगो याचं चित्र आहे. त्याच्याशी बोलून बघा, भाव फार खातो.