प्रबंध, तासिका आणि कथा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. करते. नोंदणी २०२३ ची आहे. पूर्वी माझ्या काही कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. अलीकडे मात्र एकही कथा पुरी होत नाही आणि प्रबंधाचीही दोनच प्रकरणे, तीही कच्ची, लिहून झाली आहेत. मार्गदर्शक म्हणतात, कथा पदवीनंतर लिहा. तिन्ही कामे कशी सांभाळावीत? शिवाय ओव्या सांगणाऱ्या बायांनी ओघात सांगितलेल्या हकिगतींवर कथा लिहावीशी वाटते. ते योग्य ठरेल का?

उत्तर : रोजच्या दिवसाचे तीन वाटे करून तिन्ही कामे थोडी थोडी पुढे सरकवावीत, असा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. मला तो पटत नाही. चार तासिका घेऊन घरी आल्यावर प्रबंधासाठी जो तास उरतो, तो बहुधा मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे पाहण्यातच संपतो; प्रकरण लिहायचे तर संकलित ओव्या, त्यांचे पाठभेद (एकाच ओवीची वेगवेगळी रूपे) आणि आधीच्या अभ्यासकांची मते ही सगळी सामग्री एकाच वेळी डोळ्यांसमोर असावी लागते. म्हणून वाटणी करायचीच असेल तर ती दिवसाची न करता वर्षाची करावी.

वर्षाचा क्रम तुमच्या परिचयाचा आहे. उन्हाळ्यात तासिका नसतात आणि त्यामुळे मानधनही नसते. ही व्यवस्था अन्यायाची आहे, हे मला ठाऊक आहे. पण सलग वेळ मिळतो तो तेव्हाच, आणि तो पूर्णपणे प्रबंधाला द्यावा. अडचण अशी की दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रेही साधारण याच सुमारास येऊ लागतात, कथा जुलै-ऑगस्टपर्यंत हवी असते, आणि मग मे महिन्यात प्रबंध बाजूला सारून कथा सुरू होते. पुढच्या दिवाळीची कथा आदल्या दिवाळीच्या सुट्टीतच कच्ची लिहून ठेवावी. म्हणजे पावसाळ्यात तिच्यावर शेवटचा हात फिरवणे एवढेच उरते. सत्र चालू असताना नव्या प्रकरणाला हात घालू नये; तळटीपा, ओव्यांचे लिप्यंतर, संदर्भांची पडताळणी अशी तुकड्यातुकड्यांनी होणारी कामे तेव्हा करावीत.

तासिकांबाबत बोलायचे ते वेळापत्रक ठरण्यापूर्वी बोलावे. त्याच अभ्यासपत्रिका पुन्हा मिळाव्यात आणि तासिका शक्यतो तीन-चार दिवसांत एकत्र याव्यात, एवढी विनंती विभागप्रमुखांना अवघड वाटू नये. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या फायली, सूत्रसंचालन, स्वागतसमित्या यांना सरसकट नकार द्या असे मी सांगणार नाही; नेमणूक दरवर्षी नव्याने होणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. मात्र एखादे काम स्वतःहून मागून घेतले की बाकीची टाळणे सोपे जाते, आणि तुमच्यासाठी ते काम महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे असावे.

आता मार्गदर्शकांच्या सल्ल्याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे आणि महिला संशोधकांना त्यापुढे २ वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण मर्यादा १० वर्षांपर्यंत जाते. 'पदवीनंतर' या शब्दाचा अर्थ एवढा लांबू शकत असेल, तर तो सल्ला शब्दशः पाळू नये. वर्षाला एक कथा लिहिल्याने प्रबंध अडत नाही. तो अडतो लिहायला बसण्याची टाळाटाळ केल्याने, आणि कथा हे त्या टाळाटाळीचे फार प्रतिष्ठित निमित्त होऊ शकते. बहुधा मार्गदर्शकांची भीती हीच असावी. त्याचबरोबर, सवलतीची वर्षे हिशेबात धरू नयेत. तुम्हाला ओव्या सांगणाऱ्या बहुतेक बाया वयस्कर असणार, पाठभेद विचारायला पुन्हा जायचे तर त्यांची उमेद आणि स्मरण शाबूत असतानाच जायला हवे, आणि ती मुदत कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नाही.

हकिगतींचा प्रश्न मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ललित आणि शास्त्रीय लेखन एकाच अनुभवातून उगवू शकते, याचे मोठे उदाहरण आपल्याकडे आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये पीएच.डी. केली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अध्यापन केले आणि ललित लेखही लिहिले; पंढरीच्या वारीवरचा त्यांचा 'वाटचाल' हा लेख १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या संशोधनपत्रिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. पण त्या लेखात त्या स्वतः वारीत चालत होत्या. तुमच्यापुढे बसलेल्या बाईने सासरी झालेला छळ सांगितला तो अभ्यासासाठी आलेल्या बाईला, किंवा कदाचित केवळ ऐकून घेणाऱ्या बाईला, कथालेखिकेला नव्हे. गाव आणि नाव बदलल्याने भागत नाही, कारण दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात जात, भावंडांची संख्या आणि विहिरीची दिशा एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून दोन वह्या ठेवाव्यात. पहिलीत ओव्या, सांगणारीचे नाव, दिनांक आणि तिची संमती असावी. ही वही प्रबंधाची. दुसरीत तुमच्या मनात जे उमटले तेवढेच लिहावे, तिचे शब्द नकोत. कथा या दुसऱ्या वहीतूनच यावी. एखादीची हकिगत जशीच्या तशीच हवी असेल, तर तिला जाऊन विचारावे, छापण्यापूर्वी वाचून दाखवावे, आणि ती नको म्हणाली तर तो विषय तिथेच सोडावा.

प्रश्न : माझा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : गुणांच्या दृष्टीने त्यावर भिस्त ठेवू नये. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधन गुणांकनाच्या तक्त्यात शोधनिबंध, संदर्भग्रंथ, ग्रंथातील प्रकरण यांना गुण आहेत. कथा-कादंबरीला स्वतंत्र रकाना नाही. अनुवादाला मात्र आहे : अनुवादित ग्रंथाला ८ आणि प्रकरणाला किंवा शोधनिबंधाला ३ गुण. हा भेद मला तर्काला धरून वाटत नाही, पण तूर्त तो आहे. तुम्हाला दुसरी भाषा चांगली येत असेल, तर ललित लेखनाच्या सवयीचा उपयोग एखाद्या ग्रंथाच्या अनुवादासाठी करण्याचा विचार करावा. संग्रहाचा उल्लेख अर्जात अवश्य करावा आणि मुलाखतीला जाताना प्रतही न्यावी. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने साहित्य लिहिले आहे, याचे मोल जाणणारे तज्ज्ञ निवड समितीत असू शकतात.