नाना फोन घरी ठेवून कुठं जातात?

"वडील गावी एकटे असतात, म्हणून त्यांच्या फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करून ठेवलंय. त्यात गैर काय?" मी समुपदेशक आहे, हल्ली हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक चाळिशीतले, नोकरीपायी गाव सुटलेले आणि आई-वडिलांची मनापासून काळजी असलेले असतात. त्यांना मी साताऱ्याच्या एका घराची हकिकत सांगते. घरातल्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा आधी एकटाच आला होता. पुण्यात नोकरी, वाकडला फ्लॅट. "बाबांना विसरायला होतंय, तुम्ही एकदा बघा," म्हणाला आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. नकाशावर नानांचा गोल फोटो आणि त्यांच्या फोनची बॅटरी किती उरली तो आकडा. रोज दुपारच्या जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत तो फोटो घरावरून हलत नाही आणि त्या वेळेत नाना फोनही उचलत नाहीत. महिन्यापूर्वी तर कहरच झाला. नानांना मोती चौकाजवळ चक्कर आली, साखर उतरली होती. एका दुकानदाराने बसवून साखरपाणी दिलं, पण कळवायचं कुणाला? फोन घरी. "मी मीटिंगमधून दोनदा नकाशा बघितला हो. बाबा घरीच दिसत होते. मी निवांत."

नाना 72 वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. पत्नी जाऊन काही वर्षं झाली. डॉक्टरांनी आधीच स्मरणशक्तीच्या चाचण्या करून काही दोष नसल्याचं सांगितलं होतं. माझ्या खोलीत आल्या आल्या घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "साडेचारची वेळ दिली होतीत, आत घेतलंत चार सेहेचाळीसला." त्यावरून मला काय समजायचं ते समजलं.

"विसरत नाही मी. ठेवून जातो. देवघराच्या फळीवर, चार्जिंगला लावून."

दिवाळीत मुलगा आला होता. हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून देतो म्हणून त्याने नानांचा फोन घेतला आणि त्याच बैठकीत गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग सुरू केलं. वेळेच्या पर्यायात 'बंद करेपर्यंत' निवडलं. नानांना सांगायचं राहिलं, की सांगायची गरज वाटली नाही, ते त्यालाही आता नीट आठवत नाही. नानांना कळलं ते फोनवरच्या प्रश्नांतून. बाबा, बँकेत दोन तास काय करत होता? औषधाच्या दुकानात का गेलात, बरं नाही का? चार्जिंग 12 टक्क्यांवर आलंय, लावा आधी. घरातून बाहेर पडले की आपल्याला सूचना यावी, अशीही सोय त्याने करून ठेवली होती. हे कळू नये असा काही गूगलचा डाव नसतो. शेअरिंग चालू असल्याची आठवण करून देणारी मेल येते. पण नानांची मेल उघडतंय कोण?

मग एके दिवशी विचारणा झाली, "काकाकडं गेला होता ना?"

शेताच्या वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. मुलाने वडिलांना तिकडे जाऊ नका असं बजावलं होतं. आणि नाना जात होते, कारण धाकटा भाऊ अंथरुणाला खिळलेला. जाऊन पेपर वाचून दाखवायचा, राजकारणावरून तंडायचं, चहा घ्यायचा, निघायचं. त्या फोननंतर नानांनी भावाकडे जाणं बंद केलं नाही, फोन नेणं बंद केलं.

"सगळी नोकरी गाड्या कधी आल्या, कधी सुटल्या ते लिहिण्यात गेली," म्हणाले. "आता माझीच आवक-जावक लिहितायत."

बाहेर मुलगा थांबला होता. "कुठं जातात, सांगितलं?" मी म्हटलं, स्मरणशक्तीची काळजी करू नका, फोन ते मुद्दाम घरी ठेवतात. कुठं जातात ते तुम्हाला सांगायचं की नाही, हे त्यांचं ते ठरवतील. तो चिडला. "फी मी भरतोय, मॅडम." भरत होता, खरं आहे. पण फी कुणीही भरली तरी खोलीत बोललेलं बोलणाऱ्याचं असतं. एकाच्या नकाशावरून वडिलांची सुटका करायची आणि त्यांचा ठावठिकाणा दुसऱ्या तोंडाने पुरवायचा, याला समुपदेशन म्हणत नाहीत.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं. मुलाच्या भीतीचं मूळ तिथं निघालं. त्याची आई घरात एकटी असताना कोसळली होती आणि तासन्‌तास कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून वडिलांचा फोन एका रिंगमध्ये उचलला गेला नाही तर याच्या पोटात गोळा येतो. नाना हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, पण पुण्याहून यायला तुला अडीच तास लागणार. नकाशात बघून तू करणार काय?"

प्रश्न चोख होता. अशा घरांमध्ये मी हाच विचारते: ठिपका बघून तुम्ही नक्की काय करणार आहात? उत्तर 'शेजारच्या वहिनींना फोन करीन' असं असेल, तर शेजारच्या वहिनींचा नंबर हवा, त्यांच्याशी बोलून ठेवलेलं हवं, घराची एक किल्ली त्यांच्याकडे हवी. ठिपका नसला तरी हे सगळं जमतं. आणि हे नसेल तर ठिपका असूनही फरक पडत नाही. त्यातून तो ठिकाण दाखवतो ते फोनचं, तेही शेवटचं कळलेलं. इंटरनेट गेलं, बॅटरी सेव्हर लागला, तर जुनंच ठिकाण दिसत राहतं.

मग नानांचा फोन टेबलावर आला. रागाच्या भरात त्यांनी फोनचं लोकेशनच बंद करून टाकलं होतं आणि मुलाने ते परत चालू केलं होतं, असा खेळ मधे दोनदा झाला होता. यात बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोनला आपण कुठे आहोत हे कळणं ही एक गोष्ट. ते बंद केलं तर नकाशा रस्ता दाखवत नाही आणि हरवलेला फोन शोधणंही अवघड होतं. कुठल्या ॲपला ते कळू द्यायचं, ही दुसरी. तिथे फक्त ॲप वापरताना, दर वेळी विचारून किंवा मुळीच नाही असे पर्याय असतात आणि अँड्रॉइड 12 पासून नेमक्या जागेऐवजी अंदाजे परिसर कळवण्याचीही सोय आहे. हवामानाच्या ॲपला तुमची गल्ली कळून काय करायचंय? आणि एखाद्या माणसाला आपलं ठिकाण दाखवणं, ही तिसरी. नानांचं दुखणं या तिसऱ्यात होतं, कुऱ्हाड ते पहिल्यावर घालत होते.

मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, लोकेशन शेअरिंगमध्ये जायचं, नावावर बोट ठेवायचं, थांबवायचं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी धरला आणि मुलाच्या नावासमोर थांबले. बोट वर, पण टेकवेनात. "तुला चालेल ना?" मुलाकडे बघत विचारलं. स्वतःच्या फोनवर, स्वतःचं लोकेशन! मुलगाही वरमला. "करा बाबा," म्हणाला. यादीत सुनेचंही नाव निघालं. शिवाय नानांच्या गूगल खात्याचा पासवर्ड मुलाकडे होता. शेअरिंग थांबवलं, तरी पासवर्ड माहीत असलेला माणूस हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून ठिकाण बघू शकतो. हे सांगितल्यावर मुलाने स्वतःच बसून नानांना नवा पासवर्ड लावून दिला आणि तो टाइप करताना तोंड फिरवलं.

बदल्यात नानांनी फोन खिशात ठेवायचं कबूल केलं. मोती चौकात उणीव भासली ती याची. लॉक स्क्रीनवरूनही उघडणाऱ्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, मधुमेह, मुलाचा आणि शेजाऱ्यांचा नंबर भरला. खिशात खडीसाखर. प्रवासाला निघाले की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन, ते स्वतः पाठवतील. 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास एवढेच पर्याय असतात, वेळ संपली की आपोआप बंद होतं. पुण्याला यायला किंवा पंढरपूरला जाऊन पोचायला 8 तास रग्गड. सकाळी एक मेसेज, रात्री जेवण झाल्यावर फोन. फोनवर 'कुठं होता' विचारायचं नाही, ही अट नानांची.

कुणी म्हणेल, या वयात कसली आलीय प्रायव्हसी. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ते प्रकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामींनी 2012 मध्ये याचिका केली तेव्हा त्यांचं वय 86 होतं. तो निकाल मुख्यतः सरकारने काय करावं याबद्दलचा, घरातल्या मुलाला तो दाखवायची वेळ कुणावर येऊ नये. नानांना मात्र हे ऐकून भलता आनंद झाला.

सगळ्यांना हाच तोडगा लागू पडत नाही. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं असेल, माणूस वाट चुकत असेल, तर कायमचं शेअरिंग मी स्वतः सुचवते. फक्त ते त्या माणसाला समजतंय तोवर, त्याच्याशी बोलून. आणि लोकेशन मागणारा नवरा किंवा मुलगा धाक घालणारा, हात उगारणारा असेल, तर हे वाचून लगेच बंद करू नका. ठिपका अचानक गायब झाला की असा माणूस बिथरतो. आधी विश्वासातल्या कुणाशी बोला. महिलांसाठी 181, ज्येष्ठांसाठी 14567 हे मदत क्रमांक आहेत. तातडीचं असेल तर 112.

भावाकडे जातो, हे नानांनी पितृपक्षात स्वतःच मुलाला सांगितलं, म्हणून मला ते इथे लिहिता आलं. मुलगा रागावला, चार दिवस रात्रीचा फोन सुनेनेच केला. वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही. नाना जातात, फोन खिशात असतो.

मधे सुनेचा मला फोन आला. चौदा वर्षांची लेक विचारतेय, आजोबांचं बंद केलंत, मग माझं का चालू? मी म्हटलं, चौदा आणि बहात्तर यांत फरक आहे, शाळा-क्लासच्या वेळेत राहू दे चालू. पण तिच्या समोर बसून ठरवा आणि तुमचं दोघांचं लोकेशनही तिला दिसू दे. यावर सून म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."