पाऊस चांगला आहे म्हणून ठेव मोडू का?

कराडजवळच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ६३, साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त. अडीच वर्षांपूर्वी ग्रॅच्युइटी आणि पीएफचे १२ लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले. त्यांच्या वहीत २०१९ ते २०२२ चा देशातला पाऊस आणि सेन्सेक्स शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. चारही वर्षं पाऊस सरासरीइतका किंवा जास्त, चारही वर्षं सेन्सेक्स वर. यंदा अंदाज चांगला आहे, तर ठेव मोडून सगळे पैसे शेअर्समध्ये घालू का, असं ते विचारतात.

काका, ठेव मोडू नका. तुमचे आकडे बरोबर आहेत, वही मन लावून लिहिली आहे, म्हणून नुसतं 'नको' म्हणून थांबत नाही.

ती वही थोडी मागे नेऊ. २००८ ला पाऊस सरासरीच्या ९८ टक्के झाला आणि सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला. २००९ ला मोठा दुष्काळ, पाऊस २२ टक्के कमी, तरी सेन्सेक्स सुमारे ८० टक्के वर. २०११ ला पाऊस सरासरीइतका, बाजार २५ टक्क्यांच्या आसपास खाली. २०१४ ला पाऊस १२ टक्के कमी, बाजार ३० टक्के वर. आणि तुमची वही जिथे थांबते त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२३ ला, पावसात ६ टक्के तूट असूनही सेन्सेक्स १८-१९ टक्के वाढला. चार वर्षांत कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती.

तारखा लावून पाहिलं की हे आणखी लख्ख दिसतं. २००९ ला १६ मे रोजी, शनिवारी, लोकसभेचा निकाल लागला. सोमवारी बाजार उघडताच अप्पर सर्किट, म्हणजे वाढीची ठरलेली वरची मर्यादा लागली, व्यवहार थांबवावे लागले, एका दिवसात सेन्सेक्स १७ टक्के वर. मान्सून तेव्हा केरळातही पोचला नव्हता. तुमच्या वहीतलं २०२० घ्या. २३ मार्चला सेन्सेक्स २५,९८१ वर कोसळला होता, मेअखेरीस तो ३२,४०० वर होता. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर आणला, जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी बाजारात पैसा सोडला. मान्सून केरळात आला १ जूनला.

तुम्ही म्हणाल, बाजार अंदाजावरच आधी वाढत असेल. पण हवामान खातं पहिला अंदाज एप्रिलमध्ये जाहीर करतं आणि तो सगळ्यांच्या हाती एकाच वेळी पडतो. त्याचा काही परिणाम व्हायचाच असेल, तर तुम्ही पोस्टातून पैसे काढून आणेपर्यंत तो भावात उतरलेला असतो.

पावसाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. पीक चांगलं आलं की गावात ट्रॅक्टर खपतात, भाजीपाला-धान्य आवाक्यात राहतं. पण सेन्सेक्समध्ये मोठा वाटा बँकांचा आणि आयटी कंपन्यांचा, आणि त्या आयटी कंपन्यांची बरीचशी बिलं अमेरिकेत फाटतात. कारण कशाला म्हणायचं हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोत्यात साखर भरेपर्यंतचा प्रत्येक टप्पा तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. पावसापासून सेन्सेक्सपर्यंत तसे टप्पे मांडून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच व्याजदर, निवडणूक, परदेशी गुंतवणूकदार असं काहीतरी मध्ये येतं आणि गणित फिरवतं.

आता तुमच्या घराचं. ठेव आज मोडली तर दोन वर्षं उलटून गेल्यामुळे १ टक्का, म्हणजे १२,००० रुपये कापले जातील. तिमाहीला येणारे २४,६०० रुपये बंद होतील. तुमची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. औषधं आणि किराणा या व्याजावरच चालतो, हे तुम्हीच लिहिलंय. २००८ सारखं एक वर्ष आलं तर उरलेल्या ११ लाख ८८ हजारांचे पावणेसहा लाखांच्या आत येतील, आणि घरखर्चासाठी तुम्हाला नेमक्या त्याच पडत्या भावात शेअर विकावे लागतील. मला याचीच खरी भीती वाटते.

शेअर बाजारात थोडं तरी असावं ही इच्छा रास्त आहे. आधी सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात बाजूला ठेवा. मग व्याजातून दरमहा हजार-दीड हजार उरत असतील, तर तेवढीच एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात सुरू करा, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही या तयारीने. पाऊस येवो न येवो, तारीख तीच ठेवा.

आणि पोस्टात जाल तेव्हा खात्यावर नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लागलंय ना, ते पासबुकात पाहून घ्या. पत्रात त्याबद्दल काही नव्हतं.