पहिला फ्लॅट घेताय? टोकन द्यायच्या आधी वकील गाठा

अभिनंदन भाऊ! पण एक सांगतो, बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला वकील नको, तो त्यांचा माणूस, तुमचा वेगळा करा, फी जाते पण झोप लागते. त्याच्याकडून सुरुवातीला एवढंच करून घ्या:

- ३० वर्षांचा टायटल सर्च (जागेची मालकी कुणाकुणाकडे होती, त्यावर बोजा आहे का याचा शोध), लेखी रिपोर्टसकट. नुसतं फोनवर "सगळं क्लिअर आहे" चालणार नाही
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा उतारा). रीसेल असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि विकणाऱ्याचं लोन फिटलंय का तेही
- अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट सहीच्या आधी वाचून घेणं

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे बँकेने लोन दिलं म्हणजे कागद ओके असं धरून चालतात, बँक स्वतःपुरतं बघते हो. आणि नवीन प्रोजेक्टमध्ये अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या वर मागितले तर देऊ नका, रेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा) नियमच आहे. बाकी स्टॅम्प ड्युटी वगैरे नंतर बघू.