पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही: बोर्ड परत पाठवण्याआधी

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), आणि सगळं नवंकोरं. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डवर ‘डीरॅम’ (म्हणजे रॅम) लिहिलेल्या जागेचा दिवा लागून राहतो आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो. मिनिट-दीड मिनिट वाट बघून तुम्ही बंद करता, पुन्हा चालू करता, पुन्हा तेच. आता मदरबोर्ड परत पाठवायचं मनात आहे.

ते थोडं लांबणीवर टाका. नुकत्याच जोडलेल्या मशीनमध्ये एखादा भाग मुळातच खराब निघू शकतो, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा काहीतरी पुरतं बसलेलं नसतं, चुकीच्या जागी लागलेलं असतं किंवा मशीनला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच, की मिनिटभरात तुम्ही बंद करता.

एएम५ बोर्ड (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे बोर्डवरची त्याची बैठक, या प्रकारची आहे) डीडीआर५ रॅमसह पहिल्यांदा चालू होतो तेव्हा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आधी त्या रॅमशी जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात नेमकं काय चालतं ते कळलं की थांबणं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रॅम ४८०० च्या वेगाने चालते, म्हणजे प्रत्येक डेटा लाइनवरून सेकंदाला ४८० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला साधारण २०८ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो आणि बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमधून सिग्नल त्याहूनही हळू जातो. सॉकेट ते रॅम स्लॉट हे अंतरही काही सेंटिमीटरचंच. त्यामुळे एखाद्या लाइनवरचा सिग्नल शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा पोहोचला तरी वाचण्यात चूक होते. म्हणून कंट्रोलर प्रत्येक लाइनसाठी किती उशीर धरायचा, कोणत्या व्होल्टेजच्या वर ‘एक’ आणि खाली ‘शून्य’ मानायचं, हे लिहून-वाचून, पुन्हा लिहून-वाचून ठरवत बसतो. हे सगळं होईपर्यंत स्क्रीन काळीच राहते, कारण डिस्प्ले सुरू करायची पाळी मेमरीनंतर येते.

या कामाला कित्येक मिनिटं लागू शकतात. मधेच बोर्ड आपणहून एक-दोनदा बंद होऊन चालू झाला तरी घाबरू नका, तोही त्याच कामाचा भाग असतो. पण तुम्ही मधेच वीज तोडलीत तर पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा आधी फक्त एवढंच करा: मॉनिटर जोडून ठेवा, मशीन चालू करा आणि वीस मिनिटं हात लावू नका. प्रोसेसरचा कूलर नीट बसलेला आणि त्याचा पंखा फिरत असेल तर एवढा वेळ चालू ठेवण्यात काही धोका नाही.

वीस मिनिटांनंतरही डीरॅमचा दिवा तसाच असेल तर मग रॅमला हात घालायचा. एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. दोन्ही स्टिक काढा आणि एकच लावा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर ए२ लिहिलेलं असतं तिथे. दोन स्टिकची जागा दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्या आणि दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावलेल्या असतील तर कारण तिथेच असू शकतं. मॅन्युअलमधला तक्ता एकदा बघाच, कारण यात अंदाजाला जागा नाही.

रॅम बसवताना होणारी एक फसगत नीट लक्षात घ्या. आताच्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला उघडणारी क्लिप असते, दुसरं टोक पक्कं असतं. क्लिपच्या बाजूने ‘टक्’ आवाज आला की स्टिक बसली असं वाटतं, पण पक्क्या टोकाकडे ती जराशी वरच राहिलेली असते. टॉर्च घ्या, डोळे स्लॉटच्या पातळीवर आणा आणि बाजूने बघा. खालच्या सोनेरी पट्ट्या एका टोकाला आत गेलेल्या आणि दुसऱ्या टोकाला बारीक चकाकताना दिसल्या तर स्टिक तिरकी आहे. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या. पहिल्यांदा जोडणाऱ्याला इतका जोर द्यायची भीती वाटते, ते समजू शकतं, पण खाच जुळलेली असेल तर स्लॉटला तो जोर अपेक्षितच असतो. खाच जुळत नसेल तर मात्र थांबा आणि स्टिकवर डीडीआर४ लिहिलंय का बघा. दोन्ही प्रकारांना २८८ च पट्ट्या असतात, पण खाचेची जागा वेगळी असते.

एक स्टिक लावल्यावर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डने साठवलेली सेटिंग पुसून टाका. वीज पूर्ण तोडलेली असताना बोर्डवरच्या त्या नावाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडून धरायच्या, किंवा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा. याचा अर्थ बोर्ड मागचं सगळं विसरला, म्हणजे ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबावं लागेल. दर दोन मिनिटांनी सीमॉस क्लिअर करत राहिलात तर कधीच निकाल लागणार नाही.

याच फेरीत ग्राफिक्स कार्डही काढून ठेवा. ७६०० मध्ये स्वतःचा छोटा ग्राफिक्स भाग असतो, त्यामुळे मॉनिटरची एचडीएमआय केबल थेट बोर्डच्या मागच्या पोर्टला लावली की पुरे. (नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ ७५००एफ मध्ये, हा भाग नसतो, तिथे कार्ड लावावंच लागतं.) एसएसडी, पुढचे यूएसबी, आरजीबीच्या (शोभेच्या दिव्यांच्या) वायरी, सगळं सोडवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर, बस. एवढ्यावर बायोसचा (बोर्डमधल्या मूळ प्रोग्रामचा) स्क्रीन यायला हवा. एसएसडी नसल्यामुळे ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश आला तर तो आनंदाचा क्षण आहे, मशीन सुरू झालं आहे.

बोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातलं प्रोसेसरचं ८ पिनांचं पॉवर कनेक्शनही बघून घ्या. ते राहिलं तरी पंखे फिरतात आणि दिवे लागतात, म्हणून ते निसटतं. ही केबल मधोमध चार आणि चार अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डची सहा आणि दोन अशी. दोन्हींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी कधीही जोर करून घालू नका. आणि एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबल वापरा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही ती वेगळी असू शकते. दुसऱ्या एसएमपीएसची केबल घट्ट बसते, दिसते तशीच आणि एसएसडी किंवा बोर्ड जाळून टाकते. या एका बाबतीत कृपया प्रयोग करू नका.

अजूनही डीरॅमचाच दिवा? मग मी कूलर काढून सॉकेट बघेन. हे काम जिवावर येतं हे मान्य आहे, पण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि रॅमच्या लाइन सॉकेटच्या पिनांमधूनच जातात, त्यामुळे सॉकेटमधली एक वाकडी पिन अख्खा मेमरी चॅनल (प्रोसेसर ते रॅम अशी एक वाट) बंद पाडू शकते. एएम५ मध्ये १७१८ पिना आहेत आणि त्या प्रोसेसरला नसून बोर्डवर आहेत. प्रोसेसर काढा, खोलीतला दिवा मंद करा, टॉर्च अगदी आडवी धरून सॉकेटवर फिरवा. सरळ पिनांची टोकं एकसारख्या ओळींत चमकतात, वाकडी पिन त्या ओळीत लगेच खटकते. कोनातून कोनात बघा, चारही बाजूंनी बघा, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलरमधल्या लेपाचा) कण आत पडलाय का तेही बघा. सगळं ठीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसून नवी लावा आणि कूलरचे स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे-थोडे घट्ट करा. एकाच बाजूला आवळलेला कूलरसुद्धा पिनांवरचा दाब असमान करतो आणि रॅम दिसेनाशी होते. (कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढलात ना? तो राहिला तर मशीन चालू होतं पण तापून मंदावतं किंवा बंद पडतं.)

बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं) बटण असेल तर बायोसही नवं टाकून बघण्यासारखं आहे. एएम५ आलं २०२२ मध्ये, आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये रॅमशी जुळवून घेण्याची क्षमता बरीच सुधारली आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टला लावायचा. यासाठी रॅम लागत नाही, फक्त वीज लागते. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बायोसच्या बोर्डवर लावला असता तर ही पायरी मी सगळ्यात आधी सांगितली असती.

हेच वाचून ज्यांचं मशीन वेगळं वागतंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर एसएमपीएसचं मागचं बटण, २४ पिनांचं कनेक्शन आणि कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर बघा. ती वायर काढून बोर्डवरच्या त्याच दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या आणि मशीन चालू झालं, तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. पंखे अर्धा सेकंद फिरून थांबत असतील तर बहुधा शॉर्ट आहे. बोर्डखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायची खुंटी) नको त्या जागी राहिला असेल. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालवून बघा. चंदेरी पिशवीवर ठेवू नका, तिच्या पृष्ठभागातून वीज वाहू शकते. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

आता परत पाठवायचं कधी आणि काय. यासाठी दोन्ही स्टिक एकेकट्या, ए२ आणि बी२ (चौथा स्लॉट) अशा दोन्ही स्लॉटमध्ये लावून बघा. चार जोड्या होतात. प्रत्येक वेळी पुरेसा वेळ द्या आणि निकाल कागदावर लिहा. एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि दुसरी कुठेच नाही, तर रॅम बदलून घ्या, पण जोडी म्हणूनच, कारण एकत्र विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात. दोन्ही स्टिक ए२ मध्ये चालतात आणि बी२ मध्ये एकही नाही, तर रॅम निर्दोष आहे, दोष त्या चॅनलच्या वाटेवर आहे: पिना, कूलरचा दाब, बोर्ड किंवा प्रोसेसर. चारही वेळा नाहीच चाललं, तर दोन्ही स्टिक एकाच वेळी मेलेल्या असण्याची शक्यता फार कमी. तेव्हा ती रॅम दुसऱ्या कुणाच्या चालू डीडीआर५ मशीनमध्ये दहा मिनिटं लावून बघता आली तर बोर्डबद्दल खात्रीने बोलता येईल.

बोर्डच पाठवायचा ठरला तर सॉकेटचा जवळून स्पष्ट फोटो आधी काढून ठेवा आणि मूळचं प्लास्टिकचं झाकण सॉकेटवर बसवूनच पाठवा. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत धरत नाहीत आणि प्रवासात वाकल्या तरी तुमच्याच माथी येतात. सोबत वरचा चार जोड्यांचा निकाल, कोणता दिवा किती वेळ लागून राहिला आणि बायोसची आवृत्ती लिहून द्या.