नवीन टेक्नॉलॉजीमुळे रोजचं आयुष्य खरंच सोपं झालंय का?

तुम्ही विचारलंय की एआय, मॅप, स्मार्टवॉच वगैरेमुळे रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो की नुसतीच हवा आहे. फरक पडतो, भरपूर पडतो. पण माझ्या अनुभवात करायचं काम कमी झालंय आणि तपासायचं काम वाढलंय, आणि हे दुसरं काम कोणी धरतच नाही म्हणून सगळ्यांना वाटतं की वेळ वाचला.

मी चौदा वर्षं भाषांतराचं काम करतेय, जास्त करून मशीनसोबत येणारी माहितीपत्रकं. पूर्वी गूगल ट्रान्सलेट वापरून काढलेलं मराठी एका नजरेत कळायचं, कारण ते "मशीन नका करू सुरू पर्यंत झाकण आहे बंद" असल्या थाटाचं असायचं. हसायला यायचं, पण कुठे दुरुस्ती करायचीय ते लगेच दिसायचं. मग २०१६ मध्ये गूगलने न्यूरल नेटवर्कवालं (म्हणजे तुकडे न जोडता अख्खं वाक्य एकत्र धरून करणारं) भाषांतर आणलं, २०१७ मध्ये ते मराठीला पण मिळालं, आणि वाक्यं एकदम गुळगुळीत झाली. तेव्हापासून माझं कामच बदललं, आता कोरं पान येत नाही, मशीनने केलेलं भाषांतर येतं आणि "जरा नजर टाका" असं सांगतात (आणि नजर टाकायचे पैसे अर्थातच कमी).

आता गंमत बघा. मध्ये एक वाक्य आलं होतं, "झाकण पूर्ण बंद झाल्यावर मशीन सुरू करू नका." व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. मी पण पहिल्यांदा पुढे गेले होते. पाच-सहा ओळी पुढे गेल्यावर काहीतरी टोचलं म्हणून मागे आले आणि मूळ वाक्य काढलं, तर तिथे अर्थ होता "झाल्याशिवाय". एका शब्दाने अर्थ उलटा! आणि ही फिरत्या पात्यांची मशीन होती. जुन्या मोडक्यातोडक्या मराठीत ही चूक लपलीच नसती, वाचणारा म्हणाला असता हे काय लिहिलंय आणि सावध झाला असता. आता चूक चांगले कपडे घालून येते, हा मला सगळ्यात मोठा बदल वाटतो आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं तेव्हा हेच सगळ्यांच्या घरात शिरलं. ते मुळात पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत बांधत लिहितं. खरं काय ते वेगळं तपासून लिहिणं हा त्याचा मूळ धंदाच नाही, आणि सर्च जोडलेला असला तरी चुकायचं ते चुकतंच. न्यूयॉर्कमधल्या वकिलांचा किस्सा तुम्ही ऐकला असेल, २०२३ मध्ये त्यांनी कोर्टात जे जुने निकाल दाखवले त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीने रचलेले होते, शेवटी ५,००० डॉलर दंड झाला. मला त्यातला भारी भाग हा वाटतो की एका वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे निकाल खरे आहेत ना, आणि ते हो म्हणालं. म्हणजे तपासायचं कामही त्यालाच देऊन टाकलं!

मॅपबद्दल मात्र मी चांगलंच बोलणार. मॅप उघडल्यावर आपला निळा ठिपका दिसतो ना, त्याच्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ असतं. ते सजावट म्हणून नसतं, फोन सांगत असतो की मी तुला इथे दाखवतोय खरा पण तू या वर्तुळात कुठेही असू शकतोस. जीपीएसला जागा काढायला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात, उंच इमारतींमध्ये ते भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि हिशोब बिघडतो, की वर्तुळ मोठं होतं. मे २००० पर्यंत तर अमेरिका साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत होती, १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे. ते बंद केलं म्हणून आज गल्लीतलं वळणसुद्धा सांगता येतं. तर मुद्दा काय, की हे एक यंत्र आहे जे आपली खात्री किती ते स्वतः दाखवतं. चॅटबॉटच्या प्रत्येक वाक्याभोवती असं फिकट वर्तुळ असतं तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

स्मार्टवॉचचं थोडक्यात सांगते. मागे हिरवा लाइट लुकलुकतो, रक्त तो प्रकाश शोषतं, किती शोषला यावरून ठोके मोजतात, हे ठीक चालतं, पट्टा सैल नसेल तर. पण झोपेचा स्कोअर हा हालचाल आणि ठोक्यांवरून बांधलेला अंदाज आहे, झोपेच्या लॅबमध्ये डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात तसं इथे काही नसतं. एकदा मस्त झोप होऊन उठले, घड्याळ म्हणालं शंभरात ५४, आणि खरं सांगते मी दिवसभर थकल्यासारखी वागले. नंतर तो स्कोअर बंदच करून टाकला, ठोके आणि पावलं ठेवली.

आवाजाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं एआय मॉडेल दाखवलं होतं, तेव्हापासून हे प्रकार सोपेच होत गेलेत. माझ्या आत्याला माझ्या भावाच्या आवाजात फोन आला, अपघात झालाय, पैसे पाठव, कोणाला सांगू नको. हुबेहूब तोच. ती पाठवणारच होती, पण तो तिला कधीच "आत्याजी" म्हणत नाही, फोनवरचा म्हणाला, तिथे तिला खटकलं. मग आम्ही घरातल्यांनी एक शब्द ठरवला, पैशाचा विषय निघाला की तो विचारायचा. पुढच्याच आठवड्यात खऱ्या भावाला खरंच पैसे हवे होते, आत्या शब्द विसरली म्हणून तिने त्याची लहानपणीची सगळी उलटतपासणी घेतली आणि तो जाम वैतागला. वैतागू दे. तुम्ही पण घरी असा शब्द ठरवा, आणि शंका आली तर फोन ठेवून आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर आपणहून करा.

म्हणजे सगळं वाईटच आहे का, तर अजिबात नाही. जिथे चूक झाली तर लगेच समोरच्याला विचारता येतं, तिथे हीच टेक्नॉलॉजी वरदान आहे. माझ्या मामाला ऐकू फार कमी येतं, मशीन लावलं तरी चार माणसं बोलायला लागली की त्याचा धागा सुटायचा, मग तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. आता फोनवर बोललेलं लगेच लिहून दाखवणारं अ‍ॅप आहे, तो फोन टेबलावर मध्ये ठेवतो आणि वाचत वाचत गप्पांमध्ये असतो. आणि ते भरपूर चुकतं हां! परवा मामीने विचारलं "गोळी घेतली का", स्क्रीनवर आलं "मोळी घेतली का". मामा चष्मा वर करून म्हणतो, कसली मोळी? मामीने काही न बोलता औषधाची स्ट्रिप त्याच्या नाकासमोर धरली.