सेल्फ बदलायच्या आधी अर्थिंग बघ

अरे भावा, चावी फिरवली की नुसतं टक् वाजतंय म्हणून लगेच नवीन सेल्फ (स्टार्टर मोटर) आणायला पळू नकोस, आधी मल्टिमीटर घे, साधा असला तरी चालेल. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला पाहिजे, मग कुणाला तरी सेल्फ मारायला लाव आणि तेव्हा ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी चार्ज कर, बाकी सगळं नंतर.

बॅटरी ठणठणीत असेल तर बहुतेक वेळा घोळ अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-बॉडीला जाणाऱ्या जोडणीत असतो. एक प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही हां, खांबावरच), दुसरा सेल्फच्या बॉडीवर, आणि सेल्फ मारताना रीडिंग ०.२ च्या वर गेलं की समज कुठेतरी गंज बसलाय. माझ्या जुन्या डिझेल जीपची अर्थिंगची पट्टी वरून चकाचक, बोल्ट काढला तर खाली हिरवा कळंक! पॉलिश पेपरने घासून आवळली, पहिल्या सेल्फला चालू. त्याआधी एकाने सोलेनॉइड (सेल्फवरचा टक् वाजणारा स्विच) बदलून पैसे घेतले होते ते वेगळंच.

प्लसच्या जाड केबललाही असंच तपास, तिथे अर्धा व्होल्टपर्यंत चालतं. टक् पण वाजत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर सेल्फ मारताना १२ च्या आसपास येतंय का बघ, नसेल येत तर फ्यूज, रिले नाहीतर चावीचा स्विच.

आणि हो, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि पाना लावायच्या आधी मायनस काढ, माझ्या पान्यावर अजून ठिणगीचा डाग आहे.